आकडा कुणी लिहिला, कोणत्या दिवशी लिहिला?

वाचकांचे प्रश्न : गावाचा आणि जिल्ह्याचा अर्थव्यवहार

गाव-तालुक्याच्या पातळीवर अभ्यास करणाऱ्यांचे प्रश्न या सदरात घेतो. या वेळी मराठवाड्यातून आलेल्या पत्रांमधले आठ निवडले आहेत. सारखेच दोन-तीन प्रश्न आले तिथं एकाच उत्तरात सांगितलं आहे.

प्रश्न : एम. ए. अर्थशास्त्रासाठी ऊसतोड कुटुंबांच्या उत्पन्नावर प्रबंध करते आहे. गावात ४८० घरं आहेत. नोव्हेंबरात गेले तर निम्म्या घरांना कुलूप. मार्गदर्शक म्हणतात, जी सापडतील ती घरं घे. किती घरं घ्यावीत आणि कधी जावं? (विद्यार्थिनी, ता. केज, जि. बीड)

उत्तर : जी सापडतील ती घेऊ नका. नोव्हेंबरात गावात सापडतात ती ऊसतोडीला न गेलेली माणसं : म्हातारीकोतारी, पाण्याखालची जमीन असलेले, नोकरदार. ज्यांच्यावर प्रबंध आहे तीच माणसं त्या यादीत नसतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि मार्च-एप्रिलात, कारखान्याचा पट्टा पडेल, म्हणजे हंगाम संपेल, तशा परततात. म्हणून पहिली फेरी अक्षय्य तृतीयेनंतर, मृगाच्या पेरणीआधी करा. हिशेब नुकताच झालेला असतो, आकडे तोंडावर असतात आणि माणसांना बोलायला वेळ असतो. दुसरी छोटी फेरी पोळा ते दसरा या काळात, उचल (आगाऊ रक्कम) घेतली जाते तेव्हा करा.

आता घरांची संख्या. ९५ टक्के खात्री आणि ५ टक्क्यांची चूक चालेल असं धरलं तर मोठ्या लोकसंख्येला ३८४ घरं लागतात. तुमच्या ४८० घरांच्या गावाला तेच गणित २१४ वर येतं. एकट्या मुलीला हे जड आहे. १२० घरं घेतली तर चूक ८ टक्क्यांच्या आसपास जाते. एम. ए.च्या प्रबंधाला ती चालते, फक्त ती तशी लिहा. १२० साठी दर चौथं घर येतं. पहिलं घर १ ते ४ मधली चिठ्ठी काढून ठरवा. पण त्याआधी घरांची यादी गावठाण, वस्त्या आणि तांडा अशी वेगवेगळी करा. ग्रामपंचायतीच्या यादीवरून सुरुवात करायला हरकत नाही, मात्र तांड्यावरची आणि शेतातल्या वस्तीवरची घरं तिच्यात बऱ्याचदा अर्धवट असतात. एक दिवस पायी फिरून यादी पुरी करा. कुलूप लागलेल्या घराच्या बदली शेजारचं घर घेऊ नका. तीन खेपा जा, तरी बंद असेल तर ‘बंद’ म्हणून नोंदवा आणि अशी किती घरं निघाली ते प्रबंधात सांगा.

प्रश्नावलीत ‘वार्षिक उत्पन्न किती?’ हा प्रश्न ठेवू नका. त्याचं उत्तर कुणाकडे नसतं. त्याऐवजी तुकडे विचारा : पूर्ण कोयता (जोडी) की अर्धा (एकटा)? उचल किती, कुणाकडून, किती हप्त्यांत? डोकी सेंटर, गाडी सेंटर की टायर, म्हणजे ऊस डोक्यावरून वाहायचा, बैलगाडीनं की टायरगाडीनं? टनाला दर काय मिळाला आणि एकूण टन किती झाले? वाढे (उसाचे शेंडे) विकून काय आलं? खाड्याचे किती कापले? शेवटी उचल फिटली की अंगावर राहिली? नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, त्यामुळं बाईची मजुरी वेगळी दिसतच नाही. तिचे कामाचे तास आणि दिवस वेगळ्या रकान्यात घ्या.

सगळ्यात जास्त चूक इथं होते : उचल हे उत्पन्न नाही. ती आगाऊ घेतलेली रक्कम आहे, पुढं टनावारी कापून जाते. उचल अधिक तोडणीची मजुरी अशी बेरीज केली की एकच पैसा दोनदा मोजला जातो. उत्पन्न म्हणजे टन गुणिले दर, अधिक वाढे, वजा खाडे आणि मुकादमानं कापलेलं इतर. उचल कर्जाच्या रकान्यात लिहा.

प्रश्न : आमच्या गावाची पैसेवारी ४४ आली, तरी सोयाबीनचा विमा मिळाला नाही. पीक एकच, मग दोन निकाल कसे? (शेतकरी, ता. लोहा, जि. नांदेड)

उत्तर : पीक एक असलं तरी मोजणाऱ्या यंत्रणा दोन, मोजायचं क्षेत्र दोन आणि तुलना कशाशी करायची तेही दोन.

पैसेवारी महसूल खातं गावनिहाय काढतं. सप्टेंबरअखेर नजर अंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित आणि डिसेंबरात अंतिम. आलेलं पीक प्रमाण उत्पादनाच्या किती टक्के, एवढंच ती सांगते. ५० पैशांच्या आत आली म्हणजे पीक बुडालं, हा जुना संकेत. विम्यात मात्र प्रमाण उत्पादन नसतं, उंबरठा उत्पादन (पीक ज्याच्या खाली गेलं तरच भरपाई) असतं आणि तेही गावाचं नसून बहुतेक ठिकाणी महसूल मंडळाचं.

उंबरठा असा काढतात. समजा मंडळाचं गेल्या सात वर्षांचं सोयाबीन हेक्टरी १४००, ९००, १६००, १२००, ७००, १५०० आणि १३०० किलो आहे. त्यातली चांगली पाच वर्षं घ्यायची : १६००, १५००, १४००, १३००, १२००. सरासरी १४००. राज्यात जोखीमस्तर ७० टक्के आहे, म्हणून उंबरठा ९८०. यंदा मंडळात पीक कापणी प्रयोगांची सरासरी १०१० आली तर भरपाई शून्य, मग तुमच्या शिवारात ६०० किलो का निघेना. तीच सरासरी ७३५ आली असती तर घट २४५, म्हणजे उंबरठ्याच्या २५ टक्के, आणि विमा संरक्षित रकमेच्या २५ टक्के मिळाले असते.

मंडळात मुख्य पिकाचे किमान १० प्रयोग व्हावे लागतात. एका मंडळात वीस-पंचवीस गावं असली की तुमच्या गावात एकही प्रयोग होत नाही असंही घडतं. काही पिकांना आता उपग्रहावरून काढलेल्या उत्पादनालाही वजन दिलं जातं. तेव्हा तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे मागायचं ते हे : मंडळातल्या प्रयोगांची गावनिहाय यादी, प्रत्येक प्रयोगाचं वजन, ओलाव्याची वजावट आणि मंडळाचं अधिसूचित उंबरठा उत्पादन. चार कागद हातात आले की गडबड प्रयोगात आहे की मंडळ मोठं असण्यात, ते दिसतं. आमच्या मते तक्रारींचं मूळ बऱ्याचदा दुसऱ्यात असतं, आणि त्यावर तहसीलसमोर बसून उपाय निघत नाही. अधिसूचित क्षेत्र लहान करून मागावं लागतं.

‘दुष्काळ जाहीर’ ही तिसरी गोष्ट. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर तो ठरवायला पाऊस, वनस्पतींची स्थिती, जमिनीतला ओलावा, पाणीसाठे असे निर्देशक पाहतात. पैसेवारी ४४ आली म्हणून तालुका आपोआप त्या यादीत जात नाही.

प्रश्न : मी ग्रामपंचायत सदस्य आहे. जमाखर्च मागितला की ‘सगळं ऑनलाइन आहे’ असं उत्तर मिळतं. नेमकं काय पाहू? (ता. औसा, जि. लातूर)

उत्तर : ऑनलाइन असतं ते मुख्यतः वित्त आयोगाचं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर गावाचा आराखडा आणि त्या निधीतून निघालेली देयकं दिसतात. ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसा, म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी, दप्तरात शोधावा लागतो.

नमुना १ हे अंदाजपत्रक, नमुना ३ वर्षाचा जमाखर्च, नमुना ५ रोकड वही, नमुना ८ कर आकारणी, नमुना ९ कराची मागणी आणि नमुना १० कराची पावती. वाचायचे मात्र उलट्या क्रमानं. आधी नमुना १० च्या पावती पुस्तकातली एका महिन्याची बेरीज घ्या. ती त्याच महिन्यात नमुना ५ मध्ये जमा दिसते का, आणि बँकेच्या पासबुकात किती दिवसांनी भरली गेली, ते बघा. वसुलीचा पैसा पंधरा-पंधरा दिवस हातात राहतो, घोळ तिथून सुरू होतो.

वसुलीच्या टक्केवारीला भुलू नका. समजा मागची थकबाकी ३ लाख २० हजार, चालू मागणी १ लाख ८० हजार, एकूण ५ लाख. वसूल झाले २ लाख. एकूण मागणीवर ही ४० टक्के वसुली. पण हेच २ लाख फक्त चालू मागणीवर मांडले तर १११ टक्के येतात, आणि फलकावर लिहायला तो आकडा छान दिसतो. नमुना ९ मध्ये थकबाकी आणि चालू असे वेगळे रकाने असतात, वसुलीही तशीच वेगळी लिहून घ्या.

स्वउत्पन्नातून १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. हा खर्च बहुधा मार्चमध्ये एकाच देयकात उरकलेला दिसतो. देयकामागं लाभार्थ्यांची यादी आणि पोच आहे का ते विचारा.

पंधराव्या वित्त आयोगाच्या काळातला, म्हणजे २०२१-२२ ते २०२५-२६ चा, निधी तपासताना एक गणित जवळ ठेवा. १० लाख आले असतील तर ६ लाख बंधित : ३ लाख पाण्यासाठी आणि ३ लाख स्वच्छतेसाठी. उरलेले ४ लाख अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापनेचा खर्च करता येत नाही. (२०२०-२१ या एका वर्षाला हे प्रमाण निम्मं-निम्मं होतं, जुनं दप्तर काढलंत तर लक्षात असू द्या.) प्रत्येक कामामागं ठराव, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, पूर्णत्वाचा दाखला आणि देयक असं सहा कागदांचं पुडकं हवं. मोजमाप पुस्तिकेतली लांबी टेप लावून पाहता येते. नाली ८५ मीटर लिहिली असेल तर दोन माणसं आणि अर्धा तास पुरतो. तीच नाली आमदार निधीत किंवा जिल्हा परिषदेच्या दुसऱ्या लेखाशीर्षात आधी झालेली तर नाही ना, हे पंचायत समितीच्या बांधकाम उपविभागातून कळतं.

ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांना मासिक सभेत लेखी विषय देऊन हे मागा. तोंडी मागणी इतिवृत्तात येत नाही.

प्रश्न : माहिती अधिकाराचा अर्ज ‘प्रश्नार्थक स्वरूपाचा’ म्हणून परत आला. (जि. परभणी)

उत्तर : ‘रस्ता निकृष्ट का झाला?’ असं विचारलंत तर परत येणारच. कायद्यानं अभिलेख मिळतो, मत मिळत नाही. ‘अमुक रस्त्याच्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची आणि गुणनियंत्रण चाचणी अहवालाची प्रत द्यावी’ असं लिहा. आपल्या राज्यात एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. शुल्क १० रुपये, प्रतीला पानामागं २ रुपये. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा न्यायालयीन मुद्रांक. तिथंही नाही झालं तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे दुसरं अपील. मुदत उलटल्यावर दिलेली माहिती फुकट द्यावी लागते, हे अपिलात आवर्जून लिहा.

प्रश्न : गावात नाला खोलीकरण आणि बंधाऱ्यांची कामं झाली. काही म्हणतात पाणी वाढलं, काही म्हणतात पाऊसच चांगला झाला. कोण खरं ते आकड्यानं कसं दाखवायचं? (निवृत्त शिक्षक, ता. परतूर, जि. जालना)

उत्तर : एकट्या तुमच्या गावाच्या आकड्यांनी ते कधीच दिसणार नाही. कामं न झालेलं एक गाव सोबत घ्यावं लागेल : त्याच महसूल मंडळातलं, म्हणजे पाऊस तोच, आणि तशाच खडकावरचं. तुमचं गाव मांजऱ्या या भोकाभोकांच्या खडकावर आणि ते कठीण काळ्या पाषाणावर असेल तर तुलना फसते, कारण मांजऱ्या पाणी धरतो.

भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. तुम्हाला ऑक्टोबर आणि मे हे दोन पुरेत. कामाआधीची तीन वर्षं आणि नंतरची तीन वर्षं घ्या. एकेका वर्षाची जोडी लावली की जे हवं ते सिद्ध करता येतं, म्हणून तिनाची सरासरी.

समजा तुमच्या गावात मे महिन्याची पातळी आधी जमिनीखाली ९.५ मीटर होती, नंतर ७.९ झाली. पाणी १.६ मीटर वर आलं. शेजारच्या गावात कामं नसताना ती ९.० वरून ८.२ झाली, म्हणजे ०.८ मीटर नुसत्या पावसानं. कामाच्या नावावर मांडायचा आकडा उरलेला ०.८. (आकडा लहान झाला म्हणजे पाणी वर आलं, हे तक्त्याखाली लिहा. खोली आणि पातळी यांची अदलाबदल छापील अहवालांतही होते.)

गावात निरीक्षण विहीर नसेल तर सहा-आठ साध्या विहिरी निवडा. बोअर त्यांच्यात मिसळू नका, दोन्हींचं पाणी वेगळ्या थरांतलं असतं. टेपला वजन बांधून मोजा, सकाळी मोटार सुरू व्हायच्या आत. माप काठावरून घेता तेव्हा कठड्याची उंची वजा करा. ७० सेंटिमीटरचा कठडा राहून गेला तर वरच्या उदाहरणातला जवळजवळ सगळा परिणाम त्या एका चुकीतच बुडतो.

इथं एक मेख आहे. पाणी वाढलं की लोक ऊस लावतात, मोसंबी वाढवतात, अस्तराची शेततळी विहिरीतून भरतात. मग मे मध्ये विहीर पूर्वीइतकीच खाली दिसते. पाणी वाढलं नाही असं नाही, उपसलं गेलं. म्हणून पातळीसोबत उपसाही बघा : रब्बीचं आणि उसाचं क्षेत्र, मोटार रोज किती तास चालते, विहीर कोणत्या महिन्यात तळाला जाते, टँकर कोणत्या तारखेला सुरू झाला. पिकाच्या क्षेत्रासाठी सातबाऱ्यावरची पीक पाहणी वापरता येते. मात्र २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः नोंद करतो, त्याआधी तलाठी करत. त्या वर्षी क्षेत्रात दिसणारी उडी शेतात झालेली नसेल, वहीतही झालेली असू शकते.

टँकरचे आकडे वापरताना मंजूर खेपा आणि झालेल्या खेपा वेगळ्या घ्या. टँकर ठरावावर, प्रस्तावावर आणि तहसीलच्या पाहणीवर सुरू होतो. सरपंच जागरूक असेल त्या गावात तो लवकर येतो. टँकर नाही याचा अर्थ टंचाई नाही असा घेतलात तर सगळ्यात अडलेली गावंच यादीतून गळतील.

प्रश्न : मराठवाड्याचा अनुशेष ७५० कोटींवरून ४००० कोटींवर गेला, म्हणजे पाचपट वाढला, असं भाषणात ऐकलं. खरं आहे का? (स्पर्धा परीक्षेचा विद्यार्थी, धाराशिव)

उत्तर : दोन्ही आकडे खरे, ‘पाचपट’ चुकीचं.

वि. म. दांडेकर समितीच्या १९८४ च्या अहवालात राज्याचा अनुशेष, म्हणजे सरासरीच्या मागं राहिलेल्या विकासाची तूट, सुमारे ३१८७ कोटी आणि त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी होता. पुढं निर्देशांक व अनुशेष समितीनं १ एप्रिल १९९४ च्या स्थितीवर राज्याचा १४,००६.७७ कोटी आणि मराठवाड्याचा ४,००४.५५ कोटी काढला. मधल्या दहा वर्षांत सिमेंट, लोखंड, मजुरी सगळं वाढलं. राज्याची सरासरी, जिच्याशी तुलना करायची, तीही वर सरकली. अनुशेष आधी वस्तुरूपात काढतात, म्हणजे सरासरीपेक्षा किती सिंचन कमी, किती रस्ते कमी, आणि मग त्याला त्या वेळचा खर्च लावतात. वेगळ्या वर्षांच्या किमतीतले रुपये एकमेकांना भागून काही निघत नाही.

वाटा काढलात तर मात्र निघतं. पहिल्या हिशेबात मराठवाड्याकडे राज्याच्या अनुशेषाचे साडेतेवीस टक्के होते, दुसऱ्यात साडेअठ्ठावीस. उत्तरपत्रिकेत हे लिहा. राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमाखाली १९९४ मध्ये झालेल्या विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, आणि विजय केळकर समितीचा अहवाल २०१३ चा, एवढंही सोबत असू द्या.

प्रश्न : जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न बातमीत वापरतो. तालुक्याला तोच आकडा लावला तर चालेल? (वार्ताहर, हिंगोली)

उत्तर : नाही. राज्याच्या आर्थिक पाहणीत छापलेलं जिल्हा उत्पन्न घरोघर विचारून काढलेलं नसतं. अर्थ व सांख्यिकी संचालनालय बऱ्याच क्षेत्रांत राज्याचा आकडा निर्देशकांच्या आधारे जिल्ह्यांना वाटून देतं. शिवाय उत्पन्न जिथं निर्माण झालं तिथं धरलं जातं. तुमच्या जिल्ह्यातल्या माणसानं कोल्हापूरच्या फडात ऊस तोडला तर ते मूल्य कोल्हापूरचं. छत्रपती संभाजीनगरला वाळूज-शेंद्र्याचे कारखाने जिल्ह्याची सरासरी उचलतात, त्यानं सोयगावच्या शेतकऱ्याच्या खिशात काही पडत नाही. भागाकारातली लोकसंख्याही २०११ वरून पुढं अंदाजलेली आहे.

हिंगोलीपुरती आणखी एक काळजी. जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या ‘परभणी’च्या आकड्यात तुमचे तालुकेही आहेत, त्यामुळं मागं जायचं तर दोन्ही जिल्हे जोडूनच जा. तालुक्याच्या बातमीसाठी जिल्हा सांख्यिकी कार्यालयाचं ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ घ्या. त्यात सिंचन, पीक, शाळा, दवाखाने तालुकानिहाय मिळतात. उत्पन्न नाही, पण बातमीला बहुतेक वेळा तेच हवं असतं.

प्रश्न : दोन खात्यांच्या याद्या जुळवताना गावंच जुळत नाहीत. (पीएच. डी. संशोधक, नांदेड)

उत्तर : नावावर जुळवू नका, गावाच्या संकेतांकावर जुळवा. बुद्रुक-खुर्द, ‘पिंपळगाव’ एकाच तालुक्यात चार, ‘वाडी’ कुठं जोडून कुठं तोडून, अशी ही नावं आहेत. २०११ च्या जनगणनेचा सहा अंकी गाव संकेतांक पाया धरा आणि प्रत्येक यादीला तो लावून घ्या. उरलेली शे-दीडशे गावं हातानं, तलाठ्याला विचारून लावावी लागतील. गट ग्रामपंचायत असेल तर पैशाचा आकडा ग्रामपंचायतीचा आणि लोकसंख्येचा गावाचा, अशी गल्लत होते. तेव्हा कोणतं गाव कोणत्या ग्रामपंचायतीत, याचा वेगळा तक्ता आधी करा आणि लोकसंख्या बेरजेनं ग्रामपंचायतीवर आणा. एक्सेलमध्ये संकेतांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवा, नाहीतर काही याद्यांमधली सुरुवातीची शून्यं उडतात आणि पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं.